नवी गाडी सहा वेळा वर्कशॉपला: बदलून किंवा पैसे परत मागायचे तर

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १४ लाखांची पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेऊन आठ महिने झाले. चढावर गिअरबॉक्स झटके देतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. वर्कशॉपला सहा वेळा दिली, दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय, आता बघा’ म्हणून परत मिळाली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारे मेहुणे म्हणतात, ‘लेमन लॉ (सदोष नव्या गाडीबद्दलचा तिथला कायदा) लाव, गाडी बदलून देतील.’ आपल्याकडे हे होतं का? आणि केस टाकली तर किती वर्षं जातील?

ग्राहक आयोगात गाड्यांच्या तक्रारी चालवण्यात माझी वकिलीतली बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

मेहुण्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत १९८२ साली कनेटिकट राज्याने असा पहिला कायदा केला आणि मग बाकीच्या राज्यांनी आपापले केले. न्यू जर्सीत नवी गाडी घेतल्यापासून दोन वर्षं किंवा २४,००० मैल, यातलं जे आधी संपेल तोवर एकाच दोषासाठी तीन वेळा दुरुस्ती होऊनही दोष राहिला, किंवा गाडी एकूण २० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर गाडी सदोष आहे असं कायदाच गृहीत धरतो. जिवावर बेतणारा दोष असेल तर एकच दुरुस्ती पुरते. त्यानंतर कंपनीला लेखी कळवून एक शेवटची संधी द्यायची, की चेंडू कंपनीच्या कोर्टात. गाडी ठीक आहे हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावर.

भारतात असा कायदा नाही. तीन वेळा, सहा वेळा, वीस दिवस असा कुठलाही आकडा आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये लिहिलेला नाही. तुमची गाडी सहा वेळा वर्कशॉपला गेली एवढ्याने काहीच आपोआप गृहीत धरलं जात नाही. गाडीत उत्पादनातला दोष आहे, हे तक्रारदाराने दाखवायचं असतं. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: ही केस आयोगात नंतर लढली जाते, आधी ती सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या टेबलावर जिंकली किंवा हरली जाते. तुमच्या सहा जॉब कार्डांवर (गाडी देताना वर्कशॉप तक्रार लिहून घेतं ते कागद) काय लिहिलंय ते मला दाखवा, निकालाचा अंदाज मी तिथेच सांगेन.

बहुतेक लोकांची जॉब कार्डं मी पाहतो तेव्हा त्यावर ‘जनरल चेकअप’ असतं. किंवा ‘दुसरी फ्री सर्व्हिस’, आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरात ‘पिकअप कमी’. अ‍ॅडव्हायझर मुद्दाम लबाडी करतो असं नाही, त्याच्यासमोर सकाळच्या वीस गाड्यांची रांग असते. पण दोन वर्षांनी कंपनीचा वकील तेच कार्ड उचलून म्हणतो, ‘तक्रारदाराने गिअरबॉक्सची तक्रार केलेलीच नाही, नियमित सर्व्हिसिंगला गाडी आली होती.’ आणि कागद त्याच्या बाजूने बोलत असतो.

तेव्हा यापुढे गाडी देताना तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘गरम झाल्यावर चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये झटका, त्यानंतर दिवा लागून गाडी एकाच गिअरमध्ये.’ सही करण्याआधी वाचा. सर्व्हिसिंग आणि ही तक्रार एकाच कार्डात मिसळू देऊ नका. वेगळं जॉब कार्ड काढायला सांगा. ओडोमीटरचा आकडा, गाडी आत गेल्याची तारीख-वेळ आणि बाहेर आल्याची तारीख-वेळ कार्डावर आणि गेट पासवर जुळतात का पाहा. गाडी किती दिवस अडकली हे त्यातूनच काढायचं असतं. टो करून न्यावी लागली असेल तर टोइंगची पावती आणि रोडसाइड असिस्टन्सचा मेसेज जपा.

गाडी परत घेताना एक छापील ओळ असते, काम समाधानकारक झालं आहे अशी. तिच्याखाली सही मागतात. घाईत सगळे करतात. तुम्ही आधी ट्रायल घ्या, आणि झटका अजून असेल तर सहीच्या वर हाताने लिहा: ‘ट्रायल घेतली, दोष कायम, नाइलाजाने गाडी घेत आहे.’ काउंटरवरचा मुलगा कुरकुर करेल. करू द्या. तो लिहूच देत नसेल तर पार्किंगमधूनच डीलरच्या आणि कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर तेच वाक्य, गाडीचा नंबर आणि जॉब कार्ड क्रमांक घालून पाठवा. फोनवर झालेलं बोलणंही त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये उतरवायचं: ‘आज आपल्याशी फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे...’. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण मेल बरा.

स्कॅन रिपोर्ट मागा. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे तिच्या छोट्या संगणकात, फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) साठलेला असतो आणि ‘अपडेट’ करताना तो पुसला जातो. तुमच्या केसमधला सगळ्यात मोठा पुरावा दर वेळी तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतोय. रिपोर्ट देत नाहीत? मग मेलवर लेखी मागणी करा. तिला नकार मिळाला किंवा उत्तरच आलं नाही, तर तेही पुढे तुमच्या कामाचं.

तुमचा दोष चढावर आणि गाडी तापल्यावर येतो म्हणता. वर्कशॉपमागच्या सपाट रस्त्यावर पाच मिनिटं फिरवून तंत्रज्ञ ‘दोष आढळला नाही’ असंच लिहिणार. वर्कशॉप मॅनेजरला लेखी कळवून संयुक्त ट्रायल मागा, त्यांचा माणूस गाडीत, कसारा घाट चढून. दोष तेव्हा आला तर जॉब कार्डावर त्याच्या सहीने नोंद घ्या. व्हिडिओ काढायचा तर शेजारी बसलेल्याने काढावा, आणि त्यात डॅशबोर्ड, ओडोमीटर आणि समोरचा रस्ता एकाच चित्रणात यावा. तुकडे जोडलेला व्हिडिओ नको. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, कारण पुढे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तिच्यासोबत जोडावं लागेल. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोरपणे बांधलेले नसतात हे खरं, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची?

दुसरी बाजू काय काय म्हणेल ते आत्ताच ऐकून ठेवा. बाहेरून म्युझिक सिस्टिम किंवा दिवे बसवून वायरिंगला हात लावला. पावसात पाण्यातून गाडी घातली. भेसळीचं पेट्रोल. सर्व्हिसिंग वेळेवर नाही. चालवायची पद्धत चुकीची (ऑटोमॅटिक गाडीत हे हमखास). म्हणून सर्व्हिसिंगचा एकही टप्पा चुकवू नका, पेट्रोलची बिलं ठेवा आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडून दाखवायचा मोह आवरा. एकदा उघडला की वॉरंटीही गेली आणि केसही.

आता कायदा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची जबाबदारी असेल, तर क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश टिकत नाही. हा निकाल प्रत्येक कंपनीचा वकील कैफियतीला (कंपनीच्या लेखी उत्तराला) जोडतो. तो आपल्याविरुद्ध आहे हे मान्य करूनच पुढे जायचं. त्यावर आपला युक्तिवाद असा: भाग बदलून दोष जात असेल तर ठीक, पण कंपनीला पुन्हा पुन्हा संधी देऊनही तो जातच नसेल, तर दुरुस्तीची वॉरंटी पाळली गेली असं म्हणताच येत नाही. आणि २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तंत्रज्ञाकडून गाडी तपासायला सांगितली, आणि त्यात उत्पादनातला दोष निघाला तर गाडीची किंमत, आजीवन कर वगैरे १२ टक्के व्याजाने परत करावेत असं म्हटलं. म्हणजे दार बंद नाही. त्या दाराची किल्ली तज्ज्ञाच्या अहवालात आहे.

२०२२ चा ह्युंदाईचा निकालही सांगतो, कारण लोक तो चुकीच्या ठिकाणी वापरतात. अपघातात एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनी म्हणाली, धडकेचा जोर पुरेसा नव्हता. न्यायालय म्हणालं, ग्राहकाने वेग आणि बलाची गणितं मांडावीत अशी अपेक्षा धरता येणार नाही. गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. पण तिथे दोष स्वतःच बोलत होता. गिअरबॉक्सचा अधूनमधून येणारा झटका तसा बोलत नाही, त्याला तज्ज्ञ लागतो.

म्हणून तक्रार दाखल करतानाच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(२)(क) खाली गाडीच्या तपासणीसाठी अर्ज द्या. हा अर्ज लोक युक्तिवादाच्या वेळी देतात, तोवर गाडी ५० हजार किलोमीटर चाललेली असते आणि आयोगही म्हणतो, आता काय तपासायचं. तज्ज्ञ म्हणून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातले किंवा तंत्रनिकेतनातले मेकॅनिकल-ऑटोमोबाइलचे प्राध्यापक सुचवावेत असं माझं मत. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल काही जण आणतात. तो रस्त्यावर चालण्यालायक आहे-नाही यासाठी उत्तम, पण बंद गिअरबॉक्सच्या आतल्या दोषावर त्याचा उपयोग कमी. अर्जात हेही मागा की तपासणी दोन्ही पक्षांसमोर, कंपनीच्या अधिकृत स्कॅनरवर आणि घाटात ट्रायल घेऊन व्हावी. ओळखीच्या मेकॅनिकचं लेटरहेडवरचं पत्र जोडू नका. उलटतपासणीचे प्रश्न आले की ते तिथेच गळतं.

त्याच अर्जात, किंवा वेगळ्या अर्जाने, तुमच्या चासी क्रमांकाचा संपूर्ण वॉरंटी इतिहास आणि त्या गिअरबॉक्सबद्दल कंपनीने डीलरना पाठवलेली तांत्रिक परिपत्रकं हजर करण्याचा आदेश मागा. आयोगाला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कंपनीला दोष माहीत होता हे अशा परिपत्रकातून निघालं, तर तडजोडीची भाषा एकदम मऊ होते.

तक्रार कुठे करायची हा प्रश्न सोपा झालाय. पूर्वी ग्राहक मंच म्हणायचे, आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. इथे मोजायची ती गाडीला मोजलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणून कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की गुरुग्रामला, तुमची केस नाशिकलाच. १० ते २० लाखांच्या टप्प्यात फी ४०० रुपये. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही. पण तज्ज्ञाची उलटतपासणी करायची वेळ येणार असेल तर एकट्याने जाऊ नका, एवढं धंद्याचा स्वार्थ बाजूला ठेवून सांगतो.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली असेल तर समोरून हमखास आक्षेप येतो, की हा व्यापारी हेतू आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी तेवढ्याने व्यापारी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्सिडीजच्या प्रकरणात मान्य केलं आहे. टॅक्सी स्वतः चालवून पोट भरणाराही ग्राहकच असतो.

कोणाकोणाला पक्षकार करायचं? उत्पादक, विकणारा डीलर, आणि दुरुस्ती दुसऱ्याने केली असेल तर तोही. पण नुसती नावं घालून भागत नाही. गोव्यात २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची गाडी विकल्याचं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण डीलरने काय केलं ते कंपनीला माहीत होतं असं तक्रारीत म्हटलेलंही नव्हतं आणि सिद्धही झालं नव्हतं. दोघांचं नातं मालक-नोकराचं नसतं, दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असतं. म्हणून तक्रारीत प्रत्येकाविरुद्ध वेगळे परिच्छेद हवेत: उत्पादकाविरुद्ध मालातला दोष, डीलर-वर्कशॉपविरुद्ध सेवेतली त्रुटी.

मागण्या पायऱ्यांनी मांडा. पहिली, गाडी परत घेऊन पैसे परत. ते शक्य नसेल तर त्याच मॉडेलची नवी गाडी. तेही नाही तर संपूर्ण गिअरबॉक्स नवा, त्यावर स्वतंत्र वॉरंटीसह. पर्याय न देता फक्त नवी गाडी मागणारी तक्रार २००६ च्या निकालावर आपटते आणि हाती काहीच लागत नाही. पैसे परत म्हणताना एक्स-शोरूम किंमतीवर थांबू नका. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १२ टक्के, म्हणजे तुमचे सुमारे १ लाख ६८ हजार तिथेच गेलेत. विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी, कर्जावरचं व्याज, गाडी वर्कशॉपमध्ये असताना केलेल्या टॅक्सीची बिलं हेही जोडा. मानसिक त्रासाचे २५ लाख मागणारे अर्ज मी पाहतो. त्याने फक्त गांभीर्य कमी होतं. आणि याच कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण यात ओढू नका. ते मालामुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला झालेल्या इजेसाठी आहे, त्या मालाचंच नुकसान त्यात मोडत नाही.

गाडी वापरायची की उभी ठेवायची, हे सगळेच विचारतात. महामार्गावर गाडी एका गिअरमध्ये अडकणं ही सुरक्षेची बाब आहे. भीती वाटत असेल तर तसं लेखी कळवून गाडी वर्कशॉपमध्ये उभी करा आणि पर्यायी गाडी मागा. तसं नसेल तर जपून वापरा. घरी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर बॅटरी आणि टायर जातात आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं. वापरल्याबद्दल घसारा कापला जाऊ शकतो, ते धरून चला. बँकेचे हप्ते मात्र थांबवू नका. बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, तुमचा सिबिल स्कोअर फुकट जाईल.

गाडीला गाढवं जुंपून शोरूमपर्यंत मिरवणूक नेणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मजा येते. त्यातून कधी फोनही लवकर येतो. पण शोरूमसमोर डीलरला ‘चोर’ म्हणालात तर अब्रुनुकसानीची नोटीस येते आणि मग दोन केसेस सांभाळायच्या. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिथून कंपनीकडे विचारणा जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली, एकाच मॉडेलच्या ठरावीक टक्के मालकांनी दोष कळवला तर केंद्र सरकार गाड्या परत मागवायला लावू शकतं. वाहन पोर्टलवर ती नोंद करायला पैसे लागत नाहीत. त्याच मॉडेलचे दुसरे मालक शोधा. त्यांचीही तीच रड असेल तर त्यांची प्रतिज्ञापत्रं उपयोगी पडतात.

त्यानंतर नोटीस. वकिली असो वा तुमची स्वतःची, स्पीड पोस्टने आणि मेलने, १५ दिवसांची मुदत देऊन. तारीखवार सहाही जॉब कार्डांची नोंद त्यात घाला आणि ‘दोष दूर करण्याची ही शेवटची संधी’ असं स्पष्ट लिहा. नोटिशीवर बऱ्याच कंपन्यांचा विभागीय माणूस पहिल्यांदा गांभीर्याने गाडी पाहतो.

आणि इथे तुम्हाला न आवडणारं सांगतो. त्या माणसाने नवा गिअरबॉक्स, त्यावर दोन-तीन वर्षांची लेखी वॉरंटी आणि वर्कशॉपमध्ये गेलेल्या दिवसांची भरपाई असा प्रस्ताव दिला, तर मी तो घ्यायला सांगेन. कायद्यात तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं लिहिलंय. कंपनीने लेखी म्हणणं ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत द्यायचं असतं, आणि ती ४५ दिवसांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सक्तीची ठरवली आहे. तरी प्रत्यक्षात तारखा पडतात, सदस्यांची पदं रिकामी असतात, आणि निकालाला वर्षं लागतात. जिंकलात तर कंपनी अपिलात जाते. एक बरं आहे, अपील करायला तिला आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते. फक्त तडजोडीच्या कागदावर ‘पुन्हा कोणतीही तक्रार करणार नाही’ अशी ओळ असेल तर ती ‘बदललेल्या भागात दोष न आल्यास’ असं घालून दुरुस्त करून घ्या. नवा गिअरबॉक्स बसवून झटका राहिला, तर मात्र तुमची केस आधीपेक्षा कितीतरी भक्कम होते.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. दुरुस्त्या चालू होत्या म्हणून मुदत आपोआप पुढे सरकते असं समजू नका. मी गाडीच्या ताब्याच्या तारखेपासून मोजतो, म्हणजे वाद उरत नाही. तुमच्या हाती अजून सव्वा वर्ष आहे. त्यातले तीन महिने कागद नीट करायला द्या, त्याहून जास्त नको.

आदेश मिळूनही कंपनी पाळत नसेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. समन्स गेलं की बहुधा धनादेश येतो. गाडी परत देताना धनादेश वटल्याशिवाय नाव बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या देऊ नका, बँकेचा बोजा उतरवण्यासाठी ३५ नंबरचा फॉर्म आधीच मागून ठेवा, आणि फास्टॅग बंद करायला विसरू नका.